टाकीचा दिवा आणि तेवीस केबली

कामशेतच्या बाजारपेठेत एका तांदळाच्या दुकानावर पाटी आहे: 'बजरंग शेलार, खाजगी गुप्तहेर. चौकशी आत.' आत तांदूळही मिळतो. गुन्हेगार माझ्या नजरेला नजर देत नाहीत. गिऱ्हाइकंही देत नाहीत, कारण त्यांची नजर वजनकाट्यावर असते.

लोहगडवाडीच्या स्नेहलने मला बोलावलं ते माझ्या बुद्धीमुळे. माझ्याकडे पिशवीभर जुन्या केबली आहेत म्हणून बोलावलं, असं ती सांगते, पण अशील संकोची असतात.

वाडीची पाण्याची टाकी टेकडीवर आहे. ती भरली का हे बघायला स्नेहलची सासू मुक्ताबाई दिवसातून तीनदा चढते. गुडघे कामातून गेलेत. म्हणून स्नेहलने फोनवर बघून बघून एक यंत्र जुळवलं. टाकी भरली की खाली त्यांच्या चहाच्या टपरीवर दिवा लागणार. सरपंच कैलासभाऊंनी सांगितलं होतं, आज चार वाजेपर्यंत चाललं तर ठेवा, नाहीतर तारा गुंडाळा. आता लॅपटॉपमधला प्रोग्राम केबलीतून यंत्रात उतरवायचा राहिला होता, आणि यंत्रासोबत केबल आलीच नव्हती.

माझ्या तेवीस केबलींपैकी काहींचं तोंड रुंद, काहींचं गोल. एकीचं यंत्राला बरोबर बसलं, तर दुसरं टोक लॅपटॉपला बसेना. तीन वाजले.

टपरीत खिळ्याला गड चढणाऱ्यांसाठी ठेवलेल्या चार्जिंगच्या केबली लटकत होत्या. काहींना लाल दोरा होता. दोरा म्हणजे नवस. नवसाच्या वस्तूला हात लावणारा गुप्तहेर मी नव्हे. मी बिनदोऱ्याची काढली. दोन्हीकडे बसली, यंत्रावरचा बारका दिवाही पेटला. लॅपटॉपने मात्र यंत्राला ओळखच दिली नाही.

"लॅपटॉप पुण्याचा का?" मी विचारलं.

"हो."

"मग बरोबर. अनोळख्याशी बोलणार नाही."

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कौतुकाचं नसावं.

मग मला घातपाताचा संशय आला. तार कुरतडल्याबद्दल गडावरच्या एका माकडाची साक्ष काढली. त्याने केळं घेतलं, जबाब दिला नाही. साडेतीन वाजले.

मुक्ताबाई चहा गाळता गाळता म्हणाली, "भाऊ, दोऱ्याची का न्हाई घेतली?"

"नवसाची ना ती?"

"कसला नवस! पोरं गडावरचं फोटू लॅपटॉपात घालाया मागत्यात. जिच्यातनं फोटू जातो, तिला मी दोरा बांधती. ही नुसती चारजिंगची. हिच्यातनं दुसरं काय जात न्हाई."

स्नेहलने दोऱ्याची लावली. लॅपटॉप लगेच बोलला. मी तपासवहीत लिहिलं: 'साक्षीदाराकडून योग्य वेळी माहिती काढली.'

चारला पाच कमी असताना सरपंच आले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दिवा लागला. मुक्ताबाई पदर खोचून टेकडीकडे निघाली.

"आई, बसा की! दिवा लागलाय."

"लागला. पर खरंच भरली का, बगाया नको?"

"मुद्दा बरोबर हाय," सरपंच म्हणाले. "पुरावा लागंल."

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

टाकी काठोकाठ भरली होती. ओरडून सांगण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता, म्हणून वरून हात हलवला. खाली टपरीच्या बाकावर मुक्ताबाई पाय लांब करून माझ्या वाट्याचा चहा पीत होती.