साडेचार मिनिटं एकट्याची

"मी एकटाच वाजवीन," असं मी फोनवर बोलून गेलो, कारण माझी बायको राहीबाई समोरच भाकरी थापत बसली होती.

फोन सांगलीहून होता. तिथं व्हायोलिन शिकवणारे जयराज सर व्हायोलिनवाल्यांचा एक कार्यक्रम ठेवत होते. सैन्याच्या बँडात बावीस वर्षं व्हायोलिन वाजवून म्हसवडला परत आलेला माणूस म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं. नाथाजीकाका, चौघांत बसणार की एकटे, एवढंच सरांना माझ्याकडून कळायला हवं होतं. आता राहीबाईची समजूत अशी, की आपला नवरा बँडातला मुख्य वादक होता. (ही समजूत मीच करून दिलेली, दर सुट्टीत थोडी थोडी.) खरं म्हणजे मी शेवटच्या रांगेत बसायचो आणि अवघड जागा आली की गज तारेपासून नखभर वर धरून नुसता हलवायचो. शेजारचे वाजवत. बावीस वर्षांत माझं एकट्याचं व्हायोलिन कुणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

वर तुकडाही मी तसलाच निवडला. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेला, विलायती, साडेचार मिनिटांचा. साथीला पेटी नाही, तबला नाही. उजव्या हातानं गज चालवत राहायचं आणि त्याच वेळी डाव्या हाताच्या एका बोटानं दुसरी तार छेडायची. ऐकणाऱ्याला वाटावं, दोघं जण वाजवतायत. आमच्या बँडमास्तरांनी तो एकदा वाजवून दाखवला होता, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. (त्या मात्र आवाजासकट.)

आठ महिने सराव केला. पहिल्याच आठवड्यात शेजारचे भाऊसो तेलाची बाटली घेऊन आले. तुमच्या दाराच्या बिजागऱ्या लय कुरकुरत्यात, म्हणाले. खरं सांगायला तोंड उघडेना, म्हणून मी त्यांच्यादेखत दाराला तेल घातलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. आता सुतारच बोलवा, म्हणाले.

राहीबाई त्याच खोलीत शेंगा फोडत बसायची, कारण पंखा तिथंच होता. मी रोज मधल्या एका जागी अडकायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

कार्यक्रमाच्या दिवशी एसटीनं विटा सोडलं आणि माझा धीर सुटला. आज सांगलीत सगळं उघडं पडणार, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं वाटलं. खिडकीकडं बघतच मी तिला शेवटच्या रांगेचं सगळं सांगून टाकलं. अधांतरी गजासकट.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "बँडाच्या फोटूत तुमच्या टोपीचा तुरा तेवढा दिसतुया, पार मागं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी सुट्टीवर यायचा, रंगवून सांगायचा. ऐकाया बरं वाटायचं."

तासगाव आलं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता तिला फसवायचं राहिलं नव्हतं, म्हणजे खरंच वाजवावं लागणार होतं.

मंचावर पहिली दोन मिनिटं बरी गेली. मग त्या अडणाऱ्या जागी घामेजलेलं बोट तारेवरून घसरलं आणि पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. एकट्यानं वाजवणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी थांबलो आणि सगळंच थांबलं. सवयीनं मी गज नखभर वर धरून हलवला. दीडशे माणसं ती शांतता लक्ष देऊन ऐकत होती.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बारीक गुणगुणणं आलं. राहीबाई होती. पुढची ओळच गात होती. मी आठ महिन्यांत जी जेमतेम पाच-सहा वेळा नीट वाजवली असेल, तीच तिनं नेमकी उचलून ठेवली होती. मला वाटायचं मी खोलीत एकटाच झगडतोय, आणि ही शेंगा फोडता फोडता माझ्याबरोबर वाट काढत होती. मी गज तारेवर टेकवला. बोटानं तार छेडली. मला धागा सापडलाय हे कळताच ती गप्प झाली, आणि मी शेवटपर्यंत गेलो. स्वच्छ गेलो असं म्हणणार नाही, पण प्रत्येक सूर तारेवरचा होता.

टाळ्या संपल्यावर मी खाली राहीबाईजवळ आलो, तोच जयराज सर लगबगीनं आमच्याकडं आले. मी हात पुढं केला. ते मला ओलांडून राहीबाईपुढं उभे राहिले आणि अदबीनं विचारू लागले, की काकू, तुम्ही शिकलात कुणाकडं?

राहीबाई लाजली. पदर सावरत म्हणाली, "कुणाकडं न्हाई. ह्यांचंच ऐकून."

सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"तरीसुद्धा सुरात?" ते म्हणाले.