परसातल्या पाऱ्याचे पर्यावरणीय घटक

जमिनीत पारा का साठतो, हा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या अत्यंत गुंतागुंतीचा आहे. उतार, पाऊस, वारा, मातीचा आंबटपणा, पालापाचोळा अशा अनेक पर्यावरणीय घटकांचा त्यात हात असतो. पारा ओतणाऱ्या माणसाचाही असतो, पण माणूस पर्यावरणात मोडत नाही (तो सामाजिक विभागाकडे येतो, आणि त्या विभागाला यंदा निधी नव्हता).

त्यामुळे उत्तर सुलावेसीतल्या त्या डोंगरी गावात मातीचे अभ्यासपथक येणार म्हटल्यावर आल्फ्रिट्सला मनापासून आनंद झाला. आल्फ्रिट्स हा तिथला हुकुम तुआ, म्हणजे गावप्रमुख. गावात घरटी एक सोन्याची चक्की. लोखंडी पिंपात दगड, पाणी आणि पारा घालून दिवसभर फिरवायचे; पाऱ्याने सोने धरले की फडक्यातून पिळायचे; उरलेला गोळा पेटत्या बत्तीखाली धरायचा. सोने उरते, पारा उडून जातो (कुठे, ते त्याचे तो बघतो).

आल्फ्रिट्सची चक्की परसात, गेडी नावाच्या पालेभाजीच्या वाफ्याला लागून होती. सून मेइस्के पोटुशी होती आणि तिला रोज त्याच पाल्याची, भोपळा घातलेली पेज लागे. शेजारचे बाळ मात्र वर्ष उलटले तरी मान धरत नव्हते. त्यावर कोणी मोठ्याने बोलत नसे. आल्फ्रिट्सला मनातून भयंकर भीती वाटे.

“एकदाचं कळेल तरी, पाला खावा की न खावा,” तो म्हणाला.

“ते कळेल हो,” त्याची बायको नेल्ची कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पण साहेब लोक एवढ्या लांबून माती बघायला येणार, आणि त्यांना ही असली दाखवायची? राखाडी, चिकट! माझी तर मान खाली जाईल.”

“अगं, ते पारा बघायला येतायत.”

“बघू देत की! पण जरा चांगल्या मातीत बघू देत.”

मापालुस पुकारला गेला. मापालुस म्हणजे एकाचे काम सगळ्या गावाने मिळून करायचे. त्यात एकट्याच्या बुद्धीला आडवे यायची सोय नसते. परसापरसातली माती खरवडून डोंगरावरच्या जंगलात टाकली, आणि येताना तिथली काळीभोर माती आणून पसरली. आल्फ्रिट्सने स्वतः टोपल्या वाहिल्या. हुकुम तुआनेच अंग चोरले तर गावाने काय करावे? आपण नेमके काय वाहून टाकले, हे त्याच्या लक्षात आले, पण तोवर शेवटची टोपली रिकामी झाली होती आणि स्वयंपाकही तयार होता.

पथक आले, पोटभर जेवले, आणि परसातली माती पिशव्यांत भरून गेले. तुलनेसाठी त्यांनी मनुष्याचा हात न लागलेल्या जंगलातलीही माती घेतली.

अहवाल निघाला. चक्कीशेजारची माती निर्मळ. अस्पर्श जंगलात मात्र पारा डोळे पांढरे करणारा. सबब उंची, धुके आणि पालापाचोळा हे प्रमुख घटक होत. चक्कीचा काही संबंध असलाच, तर तो पारा कमी करण्याशी असावा. शिफारस: झाडे विरळ करावीत, आणि चक्क्या वाढवून पाहाव्यात (प्रायोगिक तत्त्वावर).

“अभिनंदन, हुकुम तुआ!” पथकप्रमुख डॉक्टर हार्योनो भर सभेत म्हणाले.

“साहेब, ती माती आम्हीच वरून आणून—”

“विनय पुरे!” डॉक्टरांनी त्याला मिठी मारली. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात नेल्चीच्या.

संध्याकाळी मेइस्के पेजेचा वाडगा घेऊन समोर बसली.

“पापा, खाऊ ना?”

“अहवालात माती स्वच्छ आहे.”

“अहवाल मीपण ऐकला. मी तुम्हाला विचारतेय.”

आल्फ्रिट्सने वाडगा काढून घेतला. त्याऐवजी भाजलेला मासा वाढला, मग त्याला चक्क्यांचे पाणी जिथे जाते ती नदी आठवली. मासा उचलून अंडे ठेवले. कोंबडी परसात चक्कीखालीच माती उकरत होती. अंडेही उचलले. शेवटी त्याने नुसता पांढरा भात तिच्यापुढे सरकवला.

“मग बंद करा ना ती चक्की!” मेइस्के रडवेली झाली.

“केली असती गं पोरी. पण ह्या डोंगरातलं दुसरं काही कुणी विकत घेतं का?”

तो परसात गेला आणि पिंप पुन्हा सुरू केले. शनिवारी व्यापारी आला, सोने तोलून घेऊन गेला. ते सोने शहरात गेले, तिथून जहाजात चढले, आणखी दोन ठिकाणी वितळले, आणि ऐन लग्नसराईत एका दुकानात काचेखाली मखमलीवर येऊन बसले. वाटेत कोणीही काही विचारले नाही.

तुम्ही मात्र चौकस. तुम्ही काचेवर कोपर टेकून विचारता: हॉलमार्क आहे ना? आणि घडणावळीत काही कमी होईल का?

होते ना, दुकानदार म्हणतो. तुमच्यासाठी नक्की होते.