काचेतलं धरण

“हे चित्र न्हाई,” शिवमूर्ती सरांनी पंचशीलाचा अर्ज परत सरकवला. “विज्ञानाच्या टेबलावर ठेव.”

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातलं हे जिल्ह्याचं चित्र-विज्ञान प्रदर्शन. परीक्षक शिवमूर्ती सर. तीस वर्षं मुखेडच्या शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, आणि हट्टाला असा पक्का की विचारू नका. पंचशीला त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता जैवतंत्रज्ञान शिकणारी. सातवीत सरांनी तिला चित्रकलेत नापास केलं होतं. एकदा, फक्त एकदा, सरांच्या तोंडून आपल्या कामाला ‘चित्र’ म्हणवून घ्यायचं, म्हणून बिचारी तीन महिने राबली होती.

काम होतंही अजब. परातीएवढ्या काचेच्या बशीत तिनं जंतूंच्या खाद्याचा खळीसारखा थर दिला होता आणि त्यावर रंगीत जंतूंनी दुष्काळातलं धरण काढलं होतं. जंतू मातीतलेच, निरुपद्रवी. पिवळ्या जंतूंची भेगाळलेली जमीन, जांभळ्यांचं तळाशी उरलेलं ओंजळभर पाणी, पांढऱ्यांचं धरणाच्या भिंतीखालचं एक घर आणि दारात बांधलेली शेळी. वर काचेचं झाकण.

“काढलं कुणी?” सरांनी विचारलं.

“मी, सर.”

“तू नुसते ठिपके दिलेस. वाढले कोण? जंतू!”

“पण कुठं काय वाढवायचं ते मीच ठरवलं की.”

“माळी बी ठरवतो. माळ्याला चित्रकार म्हणतेत का?”

झालं! बशी गेली विज्ञानाच्या टेबलावर, एका सौरचुलीशेजारी. जंतू फार वाढू नयेत म्हणून पंचशीलानं ती बर्फाच्या पेटीवर ठेवली होती. पण दुपारी पाहुणे आले, सरबत करायचं ठरलं आणि गावात बर्फ मिळेना. “त्या पेटीत हाय की,” असं सांगणारे शिवमूर्ती सरच. पाहुण्यांनी दोन-दोन पेले सरबत घेतलं. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशीलानं बशी पाहिली आणि कपाळावर हात मारला. जांभळे जंतू बेफाम वाढून भिंतीपर्यंत पोचले होते. “वाटोळं झालं! मी दुष्काळ काढला होता हो!”

शेजारी उदगीरच्या कमलम्मांचा पापडाचा स्टॉल होता. पापडाबरोबर त्या ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’च्या सह्याही गोळा करत. त्या वाकल्या आणि ओरडल्या, “अय्यो! धरण भरलं की गं!”

धरण भरलं की जलपूजन करायचं, ही इथली रीत. कितीतरी वर्षांत तशी वेळच आली नव्हती. बायकांनी तिथंच हौस भागवली. नारळ आला, खण आला, झाकणावर हळदीकुंकू पडलं, टेबलापासून दारापर्यंत रांग लागली. कुणीतरी घरी फोन करून सांगितलं, “धरण भरलं!” अर्ध्या तासात दोन माणसं घागरी घेऊन हजर.

सर धावत आले. “अवो, पाया काय पडून राहिलाव! जंतू हायेत ते!”

“असू द्या की,” कमलम्मा म्हणाल्या. “माझं दही कोण करतं सर? मी विरजण लावते, पुढचं जंतूच करतेत. मग काल वाटी चाटूनपुसून खाल्ली तवा ‘कमलम्मा, तुमच्या हाताला लई चव हाय’ कशाला म्हणलाव? जंतूच्या हाताला म्हणायचं की!”

सगळा हॉल खो-खो हसला. सर चष्मा लावून बशीत बघू लागले, आणि बघतच राहिले. पाणी भिंत ओलांडून खाली निघालं होतं. तासाभरानं त्यांनी खुर्ची ओढून घेतली. जेवायला बोलावलं तर “थांबा जरा” म्हणाले. दुपार कलली तेव्हा पाणी शेळीपासून बोटभर राहिलं होतं.

“पंचशीला! ही शेळी बांधून कशाला काढलीस? बुडंल की गं ती!”

“सर, तुमच्या मते हे चित्रच न्हाई.”

“ते ऱ्हाऊ दे गं! थांबवायचं कसं, ते सांग!”

“हळदीनं दबतेत हे जंतू.”

सरांनी पूजेचीच हळद घेतली, थेंबभर पाण्यात कालवली आणि खिशातला बारीक कुंचला काढला. झाकण उचलून, श्वास रोखून त्यांनी शेळीभोवती बांध घातला. संध्याकाळपर्यंत कुणी घरी गेलं नाही, घागरवालेसुद्धा. जांभळं पाणी सरकत सरकत पिवळ्या रेघेपाशी आलं आणि थांबलं. टाळ्याच टाळ्या!

“थांबलं! बघ, थांबलं!” सर लहान मुलासारखे हसत होते. “काय चित्र हाय गं, पंचशीला! आपण काढून ऱ्हायलो अन् तेबी काढून ऱ्हायलंय!”

“काय म्हणलाव, सर?”

“चित्र म्हणलो! आण तुझा अर्ज, चित्रकलेत घालतो.”

पंचशीलाला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

तेवढ्यात आयोजक मन्मथप्पा नियमांचा कागद घेऊन आले. “सर, घोळ झाला. परीक्षकाचा हात लागलेलं चित्र स्पर्धेत चालत न्हाई. एक तर हे चित्र बाद, न्हाई तर तुमी.”

पंचशीलाचा चेहरा उतरला. सरांनी एकवार शेळीकडं पाहिलं. मग छातीवरचा परीक्षकाचा बिल्ला काढला आणि मन्मथप्पांच्या हातावर ठेवला.

“चित्राखाली दोन नावं लिहा,” ते म्हणाले. “पंचशीलाचं वर, धरण तिचं हाय. माझा फकस्त बांध.”