साठीला सात आठवडे कमी

"आत्या, नियम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! तू फक्त गप्प बस आणि मी सांगतो तिथे सही कर!"

हे वाक्य वकिलाने त्या घरात किती वेळा म्हटलं असेल, गणतीच नाही. आणि वकील म्हणजे खराखुरा वकील नव्हे हां! कायद्याच्या कॉलेजात तो एक वर्ष बसला आणि दुसऱ्या वर्षाच्या दारातूनच परत फिरला, पण तेवढ्यात नाव चिकटलं ते चिकटलं. घरात कुठलाही कागद आला की आधी वकिलाच्या हातात. मिक्सरची वॉरंटी असली तरी पठ्ठ्या ती अशी वाचायचा, जणू समोर न्यायाधीश बसलाय!

तर त्या दिवशी झालं काय, आत्याने स्वयंपाकघरात जाहीर करून टाकलं, "बारा तारखेला आम्ही लग्न करतोय. साडेबारा वाजताची वेळ मिळालीय रजिस्ट्रारकडे."

'आम्ही' म्हणजे आत्या आणि घड्याळकाका. आत्याचा नवरा पोस्टात होता, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. घड्याळकाकांचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं टीचभर दुकान, घरात एकटेच. आत्याच्या स्वयंपाकघरातलं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करायला आले ते दर रविवारी येतच राहिले. घड्याळ पहिल्याच रविवारी चालू झालं होतं!

वकील खुर्चीतून ताडकन उठला. "थांबा! आत्या, तुझं वय किती?"

"बाईला असं विचारतात का रे, शिंच्या?"

"किती, सांग!"

"एकोणसाठ. पुढच्या महिन्याच्या तीसला साठ."

वकील धावत घरी गेला आणि पेन्शनच्या नियमांची जाडजूड पुस्तिका घेऊन आला. पान अडतीस उघडून त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "मृत कर्मचाऱ्याच्या विधवेने साठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी पुनर्विवाह केल्यास तिची पेन्शन त्या दिवसापासून कायमची बंद होईल! साठीनंतर केल्यास मात्र चालू राहील!" मग पुस्तिका मिटून दोघांकडे असं बघितलं, की जणू दोघांना खड्ड्यात पडता पडता वर ओढलंय.

आत्याचा चेहरा उतरला. काकांचं दुकान म्हणजे नावाला दुकान. लोक आता वेळ मोबाइलात बघतात. दोघांचं घर चालणार होतं ते आत्याच्या पेन्शनवरच.

गंमत बघा, आत्या पस्तीस वर्षं सरकारी छापखान्यात बाइंडर होती. ही असली पुस्तिका तिने दाभणाने हजारोंनी शिवली होती, पण एकही उघडून वाचली नव्हती! "हलवाई कधी मिठाई खातो का?" असं म्हणायची.

"सात आठवडे थांबायचं, एवढंच!" वकील म्हणाला. "काका, तुम्ही रजिस्ट्रारकडे जाऊन बारा तारखेची वेळ रद्द करून या."

काका हळूच म्हणाले, "मी दिलेली वेळ सहसा मोडत नाही."

"अहो काका, पेन्शन मोडेल त्याचं काय?"

काकांनी खिशातलं घड्याळ काढून त्याला किल्ली दिली. तसेही ते कमीच बोलायचे. टिक म्हटलं की टॉक म्हणायला अर्धा तास!

इथवर सगळं ठीक होतं. इथे वकील थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो घरी जाऊन पुढची पानं वाचत बसला, आणि पान एक्केचाळीसवर त्याच्या अंगावर काटा आला! 'विवाह न करताही पती-पत्नीप्रमाणे एकत्र राहत असल्याचे आढळल्यास...' सकाळी सातला तो आत्याच्या दारात हजर.

"आत्या! घरात काकांच्या वस्तू किती आहेत?"

"असतील दोन-चार."

दोन-चार? सपाता निघाल्या, दाढीचा ब्रश निघाला, दुपारच्या डुलकीची उशी निघाली, चष्म्याची तीन घरं निघाली आणि भिंतीवर माणसाएवढं उंच लंबकाचं घड्याळ! ते काकांनी आत्याला वाढदिवसाला आणून लावलेलं.

"हा सगळा पुरावा आहे, पुरावा!" वकील ओरडला. "उद्या चौकशीला माणूस आला तर?"

"येऊ दे की. त्याला सांगेन, घड्याळ आहे म्हणून."

"आणि दाढीचा ब्रश कुणाचा म्हणून सांगशील?"

आत्याने ब्रश हळूच पदराआड केला.

झालं! हातगाडी आली. दोन हमालांनी घड्याळ आडवं करून जिन्यावरून उतरवायला घेतलं. आडवं केल्यावर त्या घड्याळाचं डोकं फिरलं असावं, कारण सकाळच्या साडेआठला त्याने अकरा ठोके दिले! एकेका पायरीला एकेक ठोका! अख्ख्या इमारतीची दारं उघडली.

सगळ्यात आधी अर्थात जिनामावशींचं. या मावशी राहतात दुसऱ्या मजल्यावर, पण त्यांचा मुक्काम कायम जिन्यातच, म्हणून जिनामावशी. त्यांनी उशी बघितली, ब्रश बघितला, वकिलाचा घामेजलेला चेहरा बघितला आणि निकाल देऊन टाकला.

"फिसकटलं वाटतं!"

"तसं काही नाही हो, मावशी."

"मग कसं?"

आता पेन्शनची भानगड जिनामावशींना सांगायची म्हणजे दवंडीच पिटायची. वकील म्हणाला, "ते गोपनीय आहे."

बस! 'गोपनीय' म्हटल्यावर मावशींना आणखी काय हवं? दुपारपर्यंत काकांना तीन बायका होत्या. संध्याकाळपर्यंत त्यातली एक परदेशात होती!

इकडे वकिलाला चेव आला. त्याने आत्याला सांगितलं, काकांना फोन करायचा नाही, फोनचा पुरावा राहतो. दुकानावरून जायचं नाही. समोरून आले तर खाली बघायचं.

"अरे, पण त्यांना हे कळायला नको का?"

"मी कळवतो ना! रीतसर!"

आणि त्याने रीतसर पत्र लिहिलं. ते पुढेमागे चौकशीत दाखवता यावं म्हणून पक्क्या सरकारी भाषेत! 'महोदय, आपल्या वस्तू सोबत परत पाठवल्या आहेत. यापुढे आपला व सदर महिलेचा कोणत्याही प्रकारचा संबंध नाही असे समजावे. कळावे.' खाली झोकदार सही. पत्र दुकानाच्या फटीतून आत सरकवलं आणि शीळ घालत घरी गेला. 'सात आठवड्यांपुरतं' हे दोन शब्द लिहायचे राहिले, हे त्याच्या गावीही नव्हतं!

आठवडा असाच गेला. आत्या रोज खिडकीत उभी राहायची आणि भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघून वेळ विचारायची. मग उजाडली बारा तारीख. सकाळी साडेअकराला आत्या एका जुन्या डिक्शनरीची शिवण उसवून पुन्हा शिवत बसली होती, कारण तिला डोकं गुंतवायला काहीतरी हवं होतं. वकील समोर बसून बिस्किटं खात होता. तेवढ्यात जिनामावशी आत आल्या.

"झालं गेलं विसरून जा गं बाई. माझा एक दीर आहे, दातांचा डॉक्टर होता. स्वतःचे दात अजून शाबूत आहेत!"

"मावशी, काय बोलताय?"

"अगं, ते घड्याळवाले आज गाव सोडून चाललेत ना! लेकीकडे, कायमचे. दुकानाला कुलूप लावायला निघालेत. 'संबंध नाही' म्हणून तूच कळवलंस म्हणे!"

आत्याने हळूहळू मान वळवून वकिलाकडे बघितलं. हातात दाभण!

"वकिला. पत्रात काय लिहिलं होतंस?"

वकिलाने घडाघडा म्हणून दाखवलं. त्याला ते पाठ होतं, आवडलं होतं ना! पण 'कळावे'पर्यंत येता येता त्याचं त्यालाच कळलं, आणि बिस्किट घशात अडकलं.

पुढच्या पाच मिनिटांत आत्या रस्त्यावर! साठीला टेकलेली बाई, एक गुडघा कुरकुरतो, पण काय धावली, काय धावली! मागे खोकणारा वकील, त्याच्या काखेत पुस्तिका.

काका दुकानात खोक्याला चिकटपट्टी लावत होते.

"कुठे निघालात?" आत्याला धाप लागली होती.

"एकची बस आहे."

"आणि मला विचारलंत?"

"संबंध नाही असं समजावं, असं होतं पत्रात. समजलो."

"अहो, ते या गाढवाने लिहिलंय! मला काय माहीत त्यात काय होतं ते!"

"काका, चौकशीत दाखवायला होतं हो ते," वकील कसाबसा म्हणाला. "सात आठवड्यांपुरतं!"

"तू गप!" दोघंही एकदम म्हणाले. आणि एकदम म्हटल्यावर दोघांनाही जरासं हसू आलं.

आत्याने पदर खोचला. "खड्ड्यात गेले सात आठवडे. उठा. पेन्शन ऑफिसात जाऊन मी स्वतः विचारणार. बंद होत असेल तर होऊ दे, पुन्हा पुस्तकं शिवेन!"

काकांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. "चला. त्या इमारतीत मला तसंही काम आहे."

पेन्शन ऑफिस तळमजल्यावर. खिडकीमागे चष्मेवाल्या बाई. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. वकिलाने पान अडतीस उघडून भाषण सुरू केलं, "मॅडम, सदर प्रकरणी मृत कर्मचाऱ्याची विधवा..."

"नंबर सांगा."

नंबर सांगितला. बाईंनी फाइल काढली, नाकावरचा चष्मा कपाळावर आणि कपाळावरचा नाकावर घेतला. "पण बाई, तुम्हाला विधवेची पेन्शन मिळतच नाही."

वकिलाने खिडकीचा गज धरला. "बंद केलीत? लग्नाच्या आधीच?"

"बंद होऊन चौदा महिने झाले. या बाई स्वतः छापखान्यातून निवृत्त झाल्या ना मागच्या वर्षी? दोन्ही पेन्शनी एकदम मिळत नाहीत. जी मोठी असेल ती एक. यांची स्वतःची मोठी निघाली, यांनी ती निवडली. पान सात!"

"मी निवडली?" आत्या म्हणाली. "कधी?"

"ही काय तुमची सही. स्वतःच्या नोकरीची पेन्शन आहे, बाई. एक लग्न करा नाहीतर चार करा, सरकारला काय त्याचं!" बाईंनी कागद पुढे सरकवला. "आणि खाली लिहिलंय बघा, 'अर्जदारास सर्व नियम वाचून समजावून सांगितले.' सही, भाचा."

झोकदार सही होती!

वकील ती सही अशी निरखत होता, की जणू दुसऱ्याच कुणाची असावी. पान सात त्याने आजवर कधी उघडलंच नव्हतं. पहिली सदतीस पानं प्रस्तावनेची असतात, असा त्याचा समज!

आत्याने दाभण या हातातून त्या हातात घेतलं. तेवढ्यात काका म्हणाले, "सव्वाबारा."

"मग?"

"साडेबाराला वरच्या मजल्यावर आपली वेळ आहे."

"पण ती रद्द करायला सांगितली होती ना मी?" वकील किंचाळला.

"मी दिलेली वेळ मोडत नाही."

आत्याचे डोळे भरून आले. "ते पत्र आल्यावरसुद्धा?"

"पत्रावर सही याची होती. तुझी नव्हती," काका म्हणाले. "साडेबारापर्यंत वर वाट बघणार होतो. मगच बस."

चष्मेवाल्या बाईंनी दोन्ही चष्मे काढून डोळे पुसले, खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावली आणि साक्षीदार म्हणून वर आल्या. दुसरा साक्षीदार अर्थातच वकील! रजिस्ट्रारने कागद पुढे केला. आत्या म्हणाली, "या वेळी नीट वाचून सही कर हो, बाबा!"

वकिलाने वाचलं. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं, कागद उलटा करून मागचं वाचलं. रजिस्ट्रार तीनदा खाकरले. मग पठ्ठ्याने बाह्या सारून ती झोकदार सही ठोकून दिली.

रजिस्ट्रारने कागद बघितला, मग वकिलाकडे बघितलं. "नवरदेवाच्या रकान्यात केलीत तुम्ही."

नवा कागद आणावा लागला. काकांना उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच एक मिनिट उशीर झाला. आत्याने साक्षीदाराच्या रकान्यावर दाभणाचं टोक टेकवलं आणि म्हणाली, "आता तू फक्त गप्प बस, आणि मी सांगते तिथे सही कर!"

वकिलाने मुकाट्याने केली. न वाचता!