निळ्या दारामागची बाई

"वसफी, देवाने गरुडाला नजर दिली, शिकारी कुत्र्याला नाक दिलं, आणि उरलंसुरलं सगळं मला!"

अबू मिक्दाद, म्हणजे माझे दाजी, हे रोज सकाळी आरशासमोर म्हणतात. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते अम्मानचे थोर गुप्तहेर आहेत आणि मी त्यांचा बिनपगारी सहायक. बहिणीच्या संसाराकडे बघून जातो, दुसरं काय!

या खेपेला प्रकरण नाजूक होतं. शेजारच्या अबू हातिमच्या मुलीला, रवानला, नायिफचं स्थळ आलं होतं. आमच्यात मुलीचा बाप आधी मुलाची चौकशी करवतो; अबू हातिमने ती दाजींवर सोपवली, आणि नायिफ पडला गच्चीवर कबुतरं उडवणारा. कबुतरबाज म्हणजे उडाणटप्पू, दुसऱ्याचे पक्षी फितवणारा, त्याची साक्षसुद्धा कोणी धरू नये, असं लोक म्हणतात. रवानने त्याच्यापायी दोन स्थळं परत पाठवली होती. मला जिन्यात गाठून म्हणाली, "वसफीकाका, खोटं कौतुक नको. जे दिसेल तेवढंच सांगा." पोरीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

दाजींना मात्र जे नसतं तेच आधी दिसतं.

नायिफ पहाटे दारोदार फिरून पोतं भरायचा. "तस्करी!" दाजी कुजबुजले. पोत्यात निघाला शिळा पाव. आमच्यात पाव कचऱ्यात टाकत नाहीत, पिशवीत घालून दाराला अडकवतात. तो कबुतरांसाठी गोळा करायचा.

"म्हणजे पावाची तस्करी," दाजी म्हणाले.

शुक्रवारी तर कहर झाला. टेकडीखालच्या बोळात एका निळ्या दारातून नायिफ आत गेला, खांद्यावर गॅसचा सिलिंडर. आतून बाईचं हसणं. बाहेर आला तो तोंड पुसत.

"दुसरा संसार!" दाजींनी मांडीवर थाप मारली. "बाईचा सिलिंडर कोण वाहतं? नवरा!"

"तुम्ही कधी वाहिलात, दाजी?"

"मी गुप्तहेर आहे."

"दार ठोठावून विचारू या का?"

"विचारतो तो पाहुणा, वसफी. गुप्तहेर ताडतो!"

मागणी घालायला नायिफकडची वडीलमंडळी अबू हातिमकडे आली. त्यांच्या म्होरक्याने रीतीप्रमाणे कॉफीची वाटी न पिताच खाली ठेवली. मुलगी दिली असं ऐकेपर्यंत तो पीत नाही. अबू हातिमने दाजींकडे पाहिलं. दाजी घसा खाकरून उठले.

"या मुलाची टेकडीखाली एक बाई आहे! निळं दार, खिडकीत तुपाच्या डब्यात पुदिना..."

नायिफची मान खाली गेली. तेवढ्यात बायकांच्या खोलीचा पडदा सरकला आणि दाजींच्या आई, हज्जा सुब्हिया, काठी टेकत बाहेर आल्या.

"मेल्या, ते माझं मागचं दार आहे!"

दाजी हळूच खाली बसायला लागले, तर हज्जांनी काठी आडवी घातली.

"तू येतोस ईदेला, टॅक्सीतून, वरच्या रस्त्यावरच्या दाराने. हा पोरगा पाव न्यायला आला, तेव्हापासून दर शुक्रवारी डोकावतो. सिलिंडर संपला असला तर आणून लावतो. मी त्याला न्याहारीशिवाय सोडत नाही. आणि तू आईला बोळात उभा राहून ताडतोस होय रे?"

आईचं हसणं दाजींनी किती वर्षांत ऐकलं नसेल, कोण जाणे. मला एकदम वाईट वाटलं.

अबू हातिम मात्र खो खो हसत सुटला. "कॉफी प्या मंडळी, मुलगी तुमची!" आत बायकांचा गलका उठला आणि त्यात रवानचं रडू मला ऐकू आलं.

"पाहिलंत?" दाजी सावरले. "माझ्याच तपासातून मुलगा निर्दोष सुटला!"

हज्जा माझ्याकडे वळल्या. "वसफी, तुम्ही बहीण दिलीत तेव्हा माझ्या या रत्नाची चौकशी कोणी केली होती रे?"

"कोणीच नाही, हज्जा," मी म्हणालो. "सरकारी नोकरी म्हटल्यावर आमच्या वडिलांनी लगेच 'कॉफी प्या' म्हटलं."