एक पायरी वर

मन्मथअप्पांच्या मेडिकलचं शटर बंद व्हायला रोज पाऊण तास लागतो. शटरमध्ये काही बिघाड नाही, अप्पाच तसे आहेत. सात वाजता ते छातीपर्यंत खाली येतं, सव्वासातला कमरेपर्यंत, साडेसातला गुडघ्यापर्यंत. त्या वेळी आलेलं गिऱ्हाईक अप्पा चपलांवरून ओळखतात आणि औषध फटीतून सरकवतात. आमच्या वालूर गावात याचं कुणाला नवल वाटत नाही. दुकान आमच्या घराला लागून आहे, त्यामुळे ओणवं होऊन डोकेदुखीची गोळी मागणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे.

"एकदम न्हाई. उतरत उतरत," हे अप्पांचं वाक्य. पंखा ते पाचवरून चारवर आणतात, चारवरून तीनवर, आणि प्रत्येक आकड्यावर जरा थांबतात. लग्नातून निघायचं म्हणजे आधी मांडवाच्या कडेच्या खुर्चीवर बसायचं, मग बाहेरच्या लिंबाखाली, मग मोटारसायकलपाशी. यजमान तीनदा निरोप देऊन थकतात.

"अप्पा, तुमी अजून हितंच?"

"निघायलोय की!"

एकदा धाकट्या भावाशी त्यांचं जोरात भांडण झालं आणि बोलणं बंद करायचं ठरलं. अर्थात एकदम नाही. पहिल्या आठवड्यात फक्त शेताविषयी बोलायचं, दुसऱ्या आठवड्यात फक्त 'जेवलास का' एवढंच. तिसऱ्या आठवड्यात भांडण कशावरून झालं होतं ते दोघांनाही आठवेना. तंबाखू सोडायला घेऊन त्यांना अकरा वर्षं झाली. आता ते मोहरीएवढी घेतात आणि "सुटायलीच हाय" म्हणतात.

या सगळ्याचं मूळ एका गोळीत आहे. चाळीस वर्षांच्या दुकानदारीत अप्पा फक्त एका औषधाला वचकून राहिले, ते म्हणजे स्टेरॉइड. कुणी गोरं करणारी ट्यूब मागतं, कुणाला तब्येत भरायची गोळी हवी असते. गेल्या वर्षी एक जण भावाच्या लग्नाच्या महिनाभर आधी आला होता.

"अप्पा, पोरगं लय वाळकं हाय. अंग भरायचं कायतरी द्या."

"भरतंय की! गाल भरतेत, पोट भरतंय, अन् आतून हाडं रिकामी व्हतेत. तुला नवरदेव पायजे का फुगा?"

पण या औषधाला नुसतं वाईट म्हटलेलंही त्यांना खपत नाही. "दम्याच्या माणसाला हेच माघारी आणतंय. मी बघितलंय डोळ्यांनी. औषध चांगलंच हाय. फक्त त्याला निरोप नीट द्यावा लागतो."

मला हे सगळं ऐकून पाठ होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या किडनीतून प्रथिनं गळायला लागली. पाय सुजले. परभणीच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि दर पंधरवड्याला थोडी थोडी मात्रा कमी करत आणायचा तक्ता लिहून दिला. पायांची सूज गेली, पण चेहरा गोल झाला. कपाळावर पुरळ आलं, गालांवर लव आली. मी तशीही फार बोलणारी नाही. परभणीच्या इंग्लिश मीडियममध्ये मी मागच्या बाकावरची होते आणि घरी आले की गावातल्या मुलींना मी 'इंग्लिश मॅडम' वाटायचे. दोन्हीकडे गप्प राहण्याची सवय लागली. त्यात हा चेहरा आला, तेव्हा मी आरशाशीही बोलणं सोडलं.

जूनमध्ये सेलूच्या एका शाळेत मला शिकवायला रुजू व्हायचं होतं. चाळीस मुलं माझ्या गालांकडे बघत बसणार, या विचारानं मी मे महिन्यात एक दिवस गोळ्यांचं पाकीट उशीच्या खोळीत घातलं. कुणाला सांगितलं नाही. तक्त्यातल्या अजून बऱ्याच पायऱ्या बाकी होत्या.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. मग अंगातलं बळ गेलं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सहाव्या दिवशी पाणीही पोटात टिकेना. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात माणूस आडवा पडला की कारण शोधायची पद्धत नाही. ऊन लागलं, विषय संपला. आईनं तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, ते उलटून पडलं. मी डोळे मिटून पडले होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं उघड झालं असतं, पण तेच बोलवत नव्हतं. शेवटी आई मिठासाखरेच्या पाण्याची पुडी आणायला अप्पांकडे गेली. भर दुपार होती. भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं.

"पोरीला ऊन लागलंय, अप्पा."

"घराबाहेर पडती का ती?"

"कुठं! पाऊल टाकंना."

"मंग ऊन घरात शिरून लागलं का तिला?" वहीची पानं चाळल्याचा आवाज आला. "तिची गोळी न्यायची तारीख कवाच होऊन गेली. मला वाटलं तुमी सेलूहून आणली."

"न्हाई वो, आमी कुठं आणली!" आई म्हणाली.

आणि मग मी तो आवाज ऐकला. धाडकन्. अप्पांचं शटर एका दमात जमिनीला टेकलं होतं. गल्लीतली माणसं घराबाहेर आली. मी पडल्या पडल्या रडायला लागले, कारण त्या आवाजानं मला पहिल्यांदा कळलं की मी मरू शकते.

कुणाची तरी जीप अप्पांनी रस्त्यात उभी करवली. सेलूच्या दवाखान्यात ते आत शिरले ते ओरडतच, "स्टेरॉइड एकदम बंद केलंय हिनं, आधी ते ऐका!" शिरेतून स्टेरॉइडचं इंजेक्शन गेलं, सलाईन लागलं. संध्याकाळी मी उठून बसले आणि भूक लागली म्हणाले.

अप्पा पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. रागावले नाहीत. "इकडं बघ, मॅडम. दोन्ही किडनींवर टोपीसारखी एकेक गाठ असती. हे औषध आपलं शरीर तिथं स्वतःच बनवतंय. ताप, धसका, उपास, सगळं त्याच्यावर निभतंय. मंग बाहेरून गोळी येती. सून आल्यावर सासू ओट्यावर बसती, तशा त्या गाठी बसतेत. पुढं सून एकदम माहेरी गेली तर सासूला काडेपेटी घावना. तसं झालंय तुझं. सासूला हळूहळू चुलीपाशी न्यावं लागतंय."

सलाईन लावणारी सिस्टर हसली. मीही हसले.

"अन् उतरताना तरास झाला," ते म्हणाले, "तर डॉक्टरला सांगायचं. ते एक पायरी वर नेतेत. थांबायचं, परत उतरायचं. त्यात लाज न्हाई."

उशीच्या खोळीचं मी फक्त त्यांनाच सांगितलं. त्यांनी ते आईला सांगितलं नाही.

जूनमध्ये मी गोल चेहऱ्यानंच शाळेत गेले. पहिल्याच दिवशी एका मुलीनं माझे गाल खरे आहेत का, असं विचारलं. हात लावून बघ, मी म्हणाले. तिनं खरंच लावला.

श्रावणात माझी गोळी दिवसाआड झाली. ते सांगायला मी दुपारी चार वाजता अप्पांच्या दुकानात गेले. आतल्या बाजूला स्टोव्ह आहे. मला बघून त्यांनी भांड्यात पाणी वाढवलं आणि तीन कप मांडले. एक माझा, एक त्यांचा.

"अप्पा, अजून कुणी येणारंय?"

"न्हाई." ते चहा गाळत राहिले. "तुझी काकू गेली ना, तवा चहा टाकलेला व्हता. ती तिथं ज्वारी निवडायली व्हती. चहा उकळायच्या आत गेली. एकदम." त्यांनी गाळणी झटकली. "मला काय एकदम जमंना. सहा महिने तिचा कप भरून ओतायचो. मंग पाऊण. मंग अर्धा. संक्रांतीपासून तळाला घोटभरच असायचा."

काकूंना जाऊन तीन वर्षं होत आली होती. भिंतीला भिंत लागून असूनही मला हे माहीत नव्हतं. मी त्या कपाकडे बघितलं. तो अर्धा भरलेला होता.

अप्पांना माझी नजर कळली. त्यांनी बशी जरा सरळ केली.

"ह्या आठवड्यात एक पायरी वर गेलो," ते म्हणाले.

मी चहा प्यायले. कप विसळून पालथे घातले, तेवढा एक सोडून. मग जरा स्टुलावर टेकले, उठून काउंटरपाशी आले आणि थांबले. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. मग मी दाराच्या पायरीवर जाऊन बसले.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "मॅडम, तू अजून हितंच?"

"निघायलेय की," मी म्हणाले.