सासूबाईंची गाडी उंच करताना

तुम्हाला म्हणून सांगतो, गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! मी ग्रंथालयात नोकरीला आहे. मोटारदुरुस्तीची सात जाडजूड पुस्तकं आमच्याकडे आहेत आणि सातही मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहेत. दुसरं कुणी न्यायलाच येत नाही, मग करणार काय! त्यामुळे सासूबाईंच्या जुन्या, धिप्पाड गाडीची उंची वाढवायचा विषय निघाला तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "दोन दिवसांचं काम! मिस्त्री कशाला हवा?"

बायकोने हे वाक्य लगेच लिहून घेतलं. ती कोर्टात लघुलेखक आहे. घरातही वही हाताशी असते. तारीख, वेळ, वाक्य. आमच्या संसारात "मी असं म्हणालोच नव्हतो" ही सोय नाही.

आता मुळात गाडी उंच का करायची, ते ऐका. गाडी माझ्या सासऱ्यांची. वय वर्षं बावीस, रंग रानडुकराचा आणि स्वभावही साधारण तोच. सासऱ्यांनी हयातीत सासूबाईंना स्टिअरिंगला बोट लावू दिलं नाही. "तुला नाही जमायचं," एवढंच म्हणायचे. ते गेले, वर्ष उलटलं, आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सासूबाईंनी शिकाऊ लायसन्स काढलं! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई. एका वेळी दहा लोकांची बोलणी जुळवलेली. तिला गिअरचं काय कौतुक! मी रोज संध्याकाळी पाचला फाटकाशी हॉर्न वाजवायचो आणि त्या बूट घालून, चष्मा पुसत सरावाला हजर व्हायच्या.

पण परीक्षेत दोनदा नापास झाल्या. दोन्ही वेळा एकाच जागी. मैदानात शेवटी एक उंचवटा आहे. त्यावर गाडीचं पोट खर्रर्र करून घासायचं आणि सासूबाई "अगंबाई, कुणाला लागलं का?" असं ओरडून, ब्रेक मारून, खाली उतरून वाकून बघायच्या! परीक्षेच्या मध्येच चालक उतरला की खेळ खलास.

"सोमवारी तिसऱ्यांदा जाते," त्या म्हणाल्या. "या वेळीही नाही जमलं तर मंगळवारी गाडी विकून टाका. तिच्याकडे रोज बघवत नाही मला. हे म्हणायचे तेच खरं, असं वाटायला लागतं."

हे बोलून त्या चष्मा पुसू लागल्या. मलाही काळजी लागली. निम्मी त्यांच्यासाठी आणि, खरं सांगतो, निम्मी गाडीसाठी. रोज तिच्यातूनच मी रुबाबात ग्रंथालयात जातो.

"आई, तुम्ही काळजीच सोडा," मी म्हणालो. "गाडीचं पोटच वर उचलतो. मग घासेल कशाने?"

शुक्रवारी रजा टाकली. बायकोच्या कोर्टालाही त्या दिवशी सुट्टी होती. मागवलेला खोका उघडला. आत चार लांब स्प्रिंगा, चार जाड रबरी चकत्या आणि एक सूचनापत्रक. पत्रक कुठल्याशा अगम्य भाषेत होतं, पण चित्रं होती. मदतीला शेजारचे पूलवाले काका आले. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. निवृत्तीनंतर बांधायला पूल नाही म्हणून दिसेल त्याला खांब लावत सुटतात. त्यांच्या घरातल्या खुर्चीलासुद्धा पाचवा पाय आहे!

काम झकास चाललं होतं. मी काढलेल्या प्रत्येक नटबोल्टाची कागदी पुडी करून त्यावर ग्रंथालयाच्या पद्धतीने क्रमांक घालत होतो. दुपारी भंगारवाला ओरडत आला, तेव्हा जुन्या चारही स्प्रिंगा मी उदार मनाने त्याच्या हातगाडीवर ठेवल्या.

"राहू द्या की घरात," काका म्हणाले.

"काका, मागे वळून बघायचं नसतं!" मी म्हणालो. बायकोने खिडकीतून हेही टिपलं.

संध्याकाळी गाडी जॅकवरून खाली घेतली. घेतली आणि आम्ही दोघं चार पावलं मागे सरलो. गाडीचं मागचं अंग जेमतेम बोटभर वर आणि नाक थेट आभाळात! एखादं लाडावलेलं कुत्रं मागच्या पायांवर बसून बिस्किट मागतं ना, हुबेहूब तशी.

मी आत बसून बघितलं. समोर रस्ता नाही, फाटक नाही. एक घार मात्र फार स्पष्ट दिसत होती.

"हा पूल असता तर मी पाडायला लावला असता," काका म्हणाले.

"अहो, पण आता करायचं काय?"

काकांनी हनुवटी खाजवली. "पुढचं खाली येत नसेल तर मागचं वर न्यायचं! वरची बॉडी खालच्या सांगाड्यापासून सोडवू. मध्ये गट्टू घालू. मागे जाड, पुढे बारीक. झाली सपाट!"

बॉडी सोडवायची, म्हणजे गाडीचे दोन मजले वेगळे करायचे! पाचव्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण होतं. त्याच्या सुरुवातीला ठळक अक्षरात "सावधान" असं लिहिलं होतं. पण असं प्रत्येकच पुस्तकात लिहिलेलं असतं.

शनिवारी सकाळी आम्ही बॉडीचे बारा बोल्ट सोडायला घेतले. अकरा निघाले. बारावा गंजून असा बसला होता, की तो करवतीने कापताना माझं लहानपणापासूनचं सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून जाऊन परत आलं. मग काकांनी गाडीच्या चारी बाजूंना विटांचे खांब रचले, त्यांवर आडवे वासे टाकले, आणि जॅकने इंच इंच करत आम्ही बॉडी वाशांवर टेकवली. खाली चाकं, इंजिन आणि सांगाडा. वर दारं, खिडक्या आणि सीटा. मध्ये वीतभर हवा!

"यावरून आगगाडी जाईल!" काका खांबावर थाप मारून म्हणाले.

आणि हॉर्न वाजायला लागला.

बॉडी वर गेल्यावर कुठली तरी तार ताणली गेली होती. भोंऽऽऽ! थांबेचना! बॅटरी बॉनेटखाली आणि बॉनेट उघडायची केबल ताणून अशी घट्ट झालेली, की ओढली तर हातच बाहेर यावा. गल्लीतली सगळी कुत्री गाऊ लागली. समोरच्या शिंप्याने शटर पाडलं. काकांनी कानात कापूस घातला आणि शांतपणे पाठ फिरवून विटा मोजत बसले. मी पक्कड आणायला घरात पळालो.

तुम्ही म्हणाल, पक्कड आणायला कितीसा वेळ लागतो? पण तीही मी क्रमांक घालून ठेवली होती!

इकडे सासूबाई दुपारच्या झोपेतून दचकून उठल्या. हॉर्न! म्हणजे पाच वाजले. जावई कधीचे बोलावतायत, चिडलेले दिसतात! त्यांनी घाईघाईने बूट चढवले, मागच्या दाराने बाहेर आल्या, आम्ही कामासाठी ठेवलेल्या स्टुलावर पाय ठेवून गाडीत चढल्या आणि दार लावून घेतलं. गाडी विटांवर आहे वगैरे त्यांच्या लक्षातच आलं नाही. कसं येणार? चष्मा पुसायचा राहिला होता.

किल्ली गाडीलाच. गाडी गिअरमध्ये. मी पक्कड घेऊन दारात पोचलो तेवढ्यात त्यांनी किल्ली फिरवली.

जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी मला ते खरं वाटत नाही. चाकं, इंजिन आणि सांगाडा हिसका देऊन दीड हात पुढे गेले. बॉडी मागेच राहिली! पंखा रेडिएटरमध्ये घुसला, पाण्याची धार उडाली, तार तुटली आणि हॉर्न बंद पडला.

अशी शांतता मी ग्रंथालयातसुद्धा अनुभवलेली नाही.

विटांच्या चार खांबांवर, हातात सुटं स्टिअरिंग धरून, सासूबाई ताठ बसल्या होत्या. त्यांनी काच खाली केली.

"जावईबापू, गाडी सुरू झाली का?"

"झाली, आई," मी म्हणालो. "पण तुम्ही तिच्यात नाही आहात."

काका कानातला कापूस काढत वळले. त्यांनी आधी खांबांकडे पाहिलं. "बघा!" ते आनंदाने ओरडले. "एक वीट हललेली नाही!"

स्टूल सांगाड्याच्या धक्क्याने तिकडे जाऊन पडलं होतं, म्हणून सासूबाईंनी वरच बसून चहा मागितला. तो मी खिडकीतून देत असताना बायको कामावरून आली. तिने विटांवरची आई बघितली. पुढे निघून गेलेली चाकं बघितली. माझ्या हातातली बशी बघितली. मग वहीची पानं उलटली.

"गेला रविवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं," ती वाचू लागली. "'दोन दिवसांचं काम. मिस्त्री कशाला...'"

"बोलावतो!" मी म्हणालो. "आत्ता बोलावतो!"

कोपऱ्यावरचे मिस्त्री आले. फार मितभाषी माणूस. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. दुसरी मारली. मग खिशातून फोन काढून भावाला म्हणाले, "हातातलं काम टाक आणि ये. हे पुन्हा बघायला मिळायचं नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चकत्या किती बसवल्या पुढे?"

"चार."

"त्यातल्या दोन मागच्या होत्या."

मी पत्रकातली चित्रं दाखवायला गेलो. त्यांनी ते माझ्या हातून हळूच घेतलं, उलटं केलं आणि परत दिलं. खरंच की! आता चित्रातली गाडी चाकांवर उभी होती.

"जुन्या स्प्रिंगा आणा," मिस्त्री म्हणाले. "होती तशी करून देतो."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी आभाळाकडे पाहिलं.

"मागे वळून बघायचं नसतं," खिडकीतून बायकोचा आवाज आला. "शुक्रवार, दुपारी पावणेतीन."

तेव्हा दुसरा इलाज नव्हता. गाडी उंचच राहणार होती, निदान चारी बाजूंनी सारखी उंच व्हावी एवढंच. रविवार उजाडल्यापासून मावळेपर्यंत दोघं मिस्त्री राबले. बॉडीखाली सगळीकडे दोन इंचांचे सारखे गट्टू घातले, चकत्या जिथल्या तिथे बसवल्या, स्टिअरिंगचा दांडा लांबवला, रेडिएटर बदलला. माझ्या पुड्या रेडिएटरच्या पाण्यात भिजून त्यांचा लगदा झाला होता, त्यामुळे मला फक्त गाडीखाली विजेरी धरायचं काम होतं. तीही मी दोनदा चुकीच्या बाजूला धरली.

संध्याकाळी सासूबाईंनी गल्लीत तीन चकरा मारल्या. उतरल्या तेव्हा डोळे चमकत होते. "वरून सगळं नीट दिसतं हो! इतके दिवस मी बॉनेटच बघत होते."

सोमवारी सकाळी दहाला आम्ही मैदानावर. सासूबाई, मी, बायको आणि "पाया तपासायला हवा" म्हणून काका. परीक्षक साहेब आले. माणूस कडक, मिशी भारदस्त, पण उंची माझ्या खांद्याइतकी. त्यांनी दार उघडलं. सीट त्यांच्या छातीशी आली! एक पाय उचलून बघितला. दुसरा उचलून बघितला. शेवटी मी एका बाजूने आणि काकांनी दुसऱ्या बाजूने धरून साहेबांना आत चढवलं. कडक माणसाला असं काखेत धरून उचललं की त्याच्या चेहऱ्यावर जे काही येतं, ते परीक्षेच्या दृष्टीने चांगलं नसतं.

गाडी निघाली. वळण झालं. मागे घेणं झालं. मग तो उंचवटा! बायकोने माझं मनगट धरलं. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. खर्रर्र नाही, काही नाही! आणि सासूबाई भलत्याच जागी, ऐन उंचवट्याच्या पलीकडे, थांबल्या.

"संपलं," मी डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांनीच त्यांचा आवाज ऐकला, "साहेब, समोर कुत्रं बसलंय. ते उठेपर्यंत थांबते."

डोळे उघडले. खरोखरच कुत्रं बसलं होतं. आमच्यापैकी कुणालाही दिसलं नव्हतं, पण त्यांना त्या उंचीवरून दिसलं! कुत्रं उठलं, आळस देऊन निघून गेलं आणि गाडी सावकाश येऊन आमच्यापुढे उभी राहिली.

साहेबांनी वर बसूनच कागदावर शिक्का मारला. "पास! दोनदा का नापास केलं होतं तुम्हाला, कळत नाही."

सासूबाईंनी तो कागद दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "जमलं हो मला." कुणाला म्हणाल्या ते आम्ही विचारलं नाही. बायकोची वही पहिल्यांदाच बंद होती. नाक पुसायला तिला दोन्ही हात लागत होते.

मी तर तरंगतच होतो! शेवटी हे सगळं घडवलं कुणी? मी साहेबांना खाली उतरवून घेतलं आणि सहज म्हणालो, "गाडीची उंची मी स्वतः वाढवली बरं का!"

साहेब थबकले. मिशी हलली.

"तुम्ही वाढवली? परवानगी?"

"कसली परवानगी?"

त्यांनी दुसरा कागद काढला. चालक पास, गाडी नापास! पंधरा दिवसांत मूळ उंचीवर आणून दाखवायची, असा लेखी आदेश. मी म्हटलं ठीक आहे, आजचा दिवस आनंदाचा आहे, वाद नको. किल्ली मागायला हात पुढे केला.

"तुम्ही चालवत नेणार?" साहेब म्हणाले. "लायसन्स बघू."

मी पाकिटातून काढून ऐटीत पुढे केलं. त्यांनी ते वाचलं. मला परत दिलं. मग मी वाचलं.

त्याची मुदत संपून तीन वर्षं झाली होती.

घरी येताना सासूबाई चालवत होत्या, शेजारी बायको होती आणि मागे काका आणि मी. वळणावर सासूबाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, मन खट्टू करू नका. शिकाऊ लायसन्स लगेच मिळतं. रोज पाच वाजता हॉर्न वाजवत जाईन मी तुमच्यासाठी!"

मी मान डोलावली. काय आहे, मोटार चालवण्यावर आमच्या ग्रंथालयात एकही पुस्तक नाही.